लेट्यूसची जात कशी निवडावी: काही गुंठ्यांवर विक्रीसाठी लागवड करणाऱ्यांसाठी

लेट्यूस लावायचं ठरलं की पहिला फोन बियाणेवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "चांगली जात कोणती?" दुकानात जे असेल त्यातलं एक पाकीट मिळतं. मग मार्चमध्ये आइसबर्गचे गड्डे भरत नाहीत, पानं कडू लागतात, मधून दांडा निघतो आणि दोष हवामानाला, खताला, नाहीतर नशिबाला दिला जातो. माझ्या मते यातलं बरंचसं नुकसान बी घेतानाच ठरून गेलेलं असतं. लेट्यूसची जात काढणीच्या आठवड्याकडे बघून निवडावी लागते. पेरणीच्या दिवशी हवा कशी आहे याला फारसं महत्त्व नाही. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात पाच ते वीस गुंठ्यांवर, उघड्यावर किंवा शेडनेटमध्ये लेट्यूस घेणारा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. कोकण आणि गोव्याचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी 1: आधी गिऱ्हाईक, मग बी

बी घेण्यापूर्वी निदान तीन खरेदीदारांशी बोलून घ्या. बर्गर आणि सँडविचवाल्याला आइसबर्ग लागतो, कारण तो कुरकुरीत असतो, बारीक चिरता येतो आणि गरम टिक्कीखाली लगेच मान टाकत नाही. आपल्याकडे आइसबर्गची मोठी मागणी बर्गरच्या साखळ्यांनीच निर्माण केली. मॅकडोनाल्ड्सची पहिली दुकानं 1996 मध्ये दिल्ली आणि मुंबईत उघडली आणि त्यांना आइसबर्ग पुरवणाऱ्यांत तळेगावची त्रिकाया ॲग्रीकल्चर होती. हॉटेलचा शेफ सीझर सॅलडसाठी रोमेन मागतो आणि ताट सजवायला लाल लोलो रोसो. घरपोच भाजी घेणाऱ्या सोसायट्यांमध्ये लोकांना आधीच कापलेली, धुतलेली मिसळ पानं आवडतात, किंवा मुळासकट जिवंत रोप.

प्रत्येकाला चार गोष्टी विचारा. आठवड्याला किती लागेल? नगावर घेणार की किलोवर? मे महिन्यात आणि पावसाळ्यातही घेणार का? आणि सध्या त्यांच्याकडे येणाऱ्या मालात त्यांना काय खटकतं? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून सगळ्यात जास्त कळतं. "तुमच्याकडचा रोमेन आतून काळा निघतो" असं शेफ म्हणाला, तर निम्मी निवड तिथेच झाली.

नग की किलो यावरही जात ठरते. किलोवर विकणार असाल तर पसरट, हलक्या लोलोपेक्षा बटाव्हिया किंवा रोमेन परवडतो (हे प्रकार पुढच्या पायरीत येतील). नगावर विकणार असाल तर लोलो दिसायला मोठा, वजनाला कमी आणि जागेत लवकर तयार होणारा, म्हणून फायद्याचा.

पायरी 2: प्रकारांचा स्वभाव ओळखा

जातींची नावं शेकडो आहेत, पण प्रकार मोजके. आधी प्रकार ठरवा, मग त्यातली जात. खाली दिलेले दिवस रोप लावल्यापासूनचे आहेत. त्याआधीचे रोपवाटिकेतले 21 ते 25 दिवस वेगळे धरा.

आइसबर्ग सगळ्यात हट्टी. त्याला 60 ते 80 दिवस लागतात, आणि गड्डा बांधत असताना त्याला थंड रात्री हव्या असतात. रात्रीचं तापमान चढं राहिलं की गड्डा सैल राहतो किंवा आत टोकं करपतात. ग्रेट लेक्स ही 1941 पासूनची जुनी जात आपल्याकडे सहज मिळते. सलीनास हा 1975 मधला, पुढच्या अनेक आइसबर्ग जातींचा पाया ठरलेला वाण आहे. छोट्या शेतकऱ्याने आइसबर्ग फक्त थंडीत घ्यावा आणि तोही ठरलेली ऑर्डर हातात असेल तर, असा माझा सल्ला आहे. मात्र लांबच्या वाहतुकीला तो उत्तम टिकतो, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

रोमेन उभा वाढतो, 50 ते 65 दिवस घेतो आणि उष्णता आइसबर्गपेक्षा बरी सोसतो. पॅरिस आयलंड कॉस ही जुनी, भरवशाची जात आहे. जेरिको ही इस्रायलमध्ये तयार झालेली, उन्हाला टिकणारी जात मिळाली तर आपल्या फेब्रुवारी-मार्चसाठी जरूर करून बघा. रोमेनचा कच्चा दुवा म्हणजे आतली टोकं करपणं. बाहेरून गड्डा देखणा दिसतो आणि कापल्यावर मधली कोवळी पानं तपकिरी निघतात. कारण कॅल्शियमचं आहे, पण बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियम कमी नसतं. मिटलेल्या आतल्या पानांतून बाष्पीभवन होत नाही, म्हणून पाण्याबरोबर जाणारं कॅल्शियम तिथे पोचत नाही, आणि वाढ जोरात असली की तूट जास्त जाणवते. म्हणून भरमसाट नत्र देऊन रोमेन फुगवू नका, आणि टोक करपण्याला सहनशील म्हणून विकली जाणारी जात थोडी महाग पडली तरी घ्या.

बटरहेडची पानं मऊ, लोण्यासारखी आणि चव सगळ्यात गोड. 45 ते 55 दिवस. 1963 पासूनची बटरक्रंच ही या गटातली थोडी दणकट जात. पण पान हाताळताना चटकन जखमी होतं, त्यामुळे क्रेटमध्ये दाबून मुंबईला पाठवायचा हा माल नाही. गावाजवळ गिऱ्हाईक असेल, किंवा मुळासकट विकणार असाल, तरच लावा.

बटाव्हियाला आपल्याकडे अजून हवा तेवढा भाव मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. आइसबर्गचा कुरकुरीतपणा आणि पानांच्या लेट्यूसचा मोकळेपणा यांचा हा मेळ आहे. 40 ते 50 दिवसांत तयार होतो, उशिरा दांडा काढतो आणि तयार झाल्यावरही वाफ्यात आठवडाभर थांबू शकतो. नेवाडा आणि म्युअर या यातल्या उष्णता सोसणाऱ्या जाती आहेत. ज्याला बारा महिने लेट्यूस पुरवायचा आहे त्याने आपली घडी बटाव्हियाभोवती बसवावी, हे मी अगदी विचारपूर्वक सांगतो आहे. शेफला "आइसबर्गच्या जागी" असं सांगून दोन गड्डे चाखायला द्या, बहुतेक जण पुढच्या वेळी स्वतःहून मागतात.

पानांचे लेट्यूस, म्हणजे हिरवा लोलो बिओंडा, लाल लोलो रोसो, ओकलीफ, ग्रँड रॅपिड्स, ब्लॅक सीडेड सिम्पसन वगैरे, 30 ते 45 दिवसांत निघतात. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. गड्डा बांधायचा नसल्यामुळे दोन-चार दिवस आधी कापले तरी बिघडत नाही, आणि उन्हाळ्यात हीच मुभा माल वाचवते. लाल जातींचं मात्र लक्षात ठेवा: तो रंग भरपूर उजेड आणि थंड रात्री यांतून चढतो. डिसेंबरात मखमली दिसणारा लोलो रोसो जुलैच्या ढगाळ हवेत, जाड शेडनेटखाली, मळकट हिरवा पडतो. शेफला लाल रंगाचंच वचन दिलं असेल तर पावसाळ्यात गडद लाल जात निवडा आणि नेटची सावली कमी करा.

रिक झ्वान कंपनीच्या सालानोवासारख्या जातींमध्ये बुडखा एकदा कापला की सारख्या आकाराची कितीतरी छोटी पानं सुटी होतात. बी महाग असतं. कापलेली मिसळ पानं पाकिटात विकणार असाल तरच ते फिटतं.

पायरी 3: काढणीचा आठवडा कॅलेंडरवर मांडा

आता मूळ मुद्दा. समजा 10 जानेवारीला बी ट्रेमध्ये टाकलं. हवा सुरेख आहे, उगवण छान होते. 4 फेब्रुवारीला रोपं वाफ्यात लागली. पानांचा लेट्यूस 35 दिवसांत, म्हणजे 11 मार्चच्या सुमारास निघाला. 4 फेब्रुवारीलाच शेजारच्या वाफ्यात लावलेला 70 दिवसांचा आइसबर्ग 15 एप्रिलला काढणीला येईल, आणि पुण्यात तेव्हा दुपारचं तापमान 37-38 अंशांवर असतं. बी एका दिवशी पेरलं, पण एक पीक थंडीचं झालं आणि दुसरं उन्हाळ्याचं.

लेट्यूसला दिवसा 15 ते 20 अंश सगळ्यात मानवतं. 27-28 च्या वर सलग दिवस गेले की रोप दांडा काढायच्या तयारीला लागतं, जसे कांद्याला डेंगळे येतात. दांडा डोळ्यांना दिसण्याच्या आधीच चव बिघडलेली असते. हे ओळखायची सोपी रीत आहे. काढणीच्या आठवडाभर आधी एक गड्डा मुळापाशी कापा आणि सुरीने उभा दोन भाग करा. मधला पांढरा बुडखा बघा. तो गड्ड्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लांब झाला असेल तर दांडा आतल्या आत चढू लागला आहे. कापल्या जागी चीक दाट आणि भरपूर येत असेल आणि मधलं पान जिभेवर कडू लागत असेल, तर उरलेला वाफा थांबवू नका. त्याच दिवशी काढा.

या पट्ट्यासाठी माझी मांडणी अशी आहे.

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढणी: सगळे प्रकार चालतात. आइसबर्ग, बटरहेड, लाल लोलो यांचे हेच दिवस. निफाडसारख्या भागात कडाक्याची थंडी पडली की वाढ मंदावते, म्हणून पाकिटावरच्या दिवसांत आठवडा-दहा दिवस वाढवून धरा.

मार्च ते मध्य जून: बटाव्हिया, उष्णता सोसणारा रोमेन आणि हिरवी पानं, तीही शेडनेटखाली आणि थोडी लहान असतानाच काढायची. आइसबर्ग नको. बटरहेडही नको.

पावसाळा: इथे उष्णतेपेक्षा ओलावा घात करतो. पानं रात्रभर ओली राहिली की डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) आणि बुडकूज आलीच. वर प्लास्टिकचं छत नसेल तर लागवडच टाळा. छत असेल तर मोकळ्या, उभ्या ठेवणीच्या जाती घ्या, म्हणजे बुडाशी वारा खेळतो, आणि अंतर नेहमीपेक्षा पाच सेंटीमीटर वाढवा. कुरळ्या पानांचा लोलो पाणी धरून ठेवतो, म्हणून तो कमी लावा.

पाचगणी-महाबळेश्वर साधारण 1300 मीटर उंचीवर असल्याने तिथे उन्हाळाही सौम्य असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये, खाली मैदानात माल संपतो तेव्हा, तिथला शेतकरी चांगला भाव घेऊ शकतो. पावसाळ्यात मात्र तिथे पॉलिहाऊसशिवाय विचारच करू नये. गोवा आणि कोकणात अडचण रात्रीची आहे. थंडीतही किमान तापमान विशीच्या आसपास राहतं, त्यामुळे आइसबर्ग भरत नाही. पण गोव्यात हॉटेलांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, आणि लेट्यूसला त्यातल्या त्यात बरे दिवसही तेच. तिथे बटाव्हिया आणि हिरवी पानं ताजी, त्याच दिवशी कापून पोचवणं हीच ताकद. घाटावरून बर्फात येणारा माल त्या ताजेपणाशी बरोबरी करू शकत नाही.

पायरी 4: पाकीट नीट वाचा

परदेशी कंपनीच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात "उन्हाळी" लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो उन्हाळा नेदरलँड्सचा असेल, तर त्याची दुपार 22-23 अंशांची आहे. पुण्याची जानेवारीतली दुपारसुद्धा त्याहून गरम असते! ती जात आपल्या थंडीत लावायची, एवढाच त्याचा अर्थ. इस्रायल किंवा तसल्याच उष्ण भागासाठी तयार केलेल्या जाती आपल्या उन्हाळ्याच्या जास्त जवळच्या.

रोगप्रतिकाराच्या रकान्यात बीएल आणि पुढे आकडे दिसतात. बीएल म्हणजे डाऊनीची बुरशी, ब्रेमिया लॅक्टुकी. आकडे हे तिच्या वेगवेगळ्या वंशांचे. जितके जास्त आकडे, तितकं संरक्षण रुंद, पण ती यादी युरोपात आढळलेल्या वंशांची असते, म्हणून आपल्याकडे ती पूर्ण हमी ठरत नाही. छताखाली पावसाळी पीक घेणाऱ्याने मात्र ही खूण असलेलीच जात घ्यावी. एलएमव्ही म्हणजे मोझॅक विषाणू. तो बियांतून येतो आणि मावा तो पसरवतो, त्यामुळे सुटं, बिननावाचं, स्वस्त बी घेणं इथे महागात पडतं.

बी साधं आहे की गोळीचं (लेप देऊन गोल केलेलं), हेही बघा. साध्या बियांच्या एका ग्रॅममध्ये साधारण 800 ते 1000 दाणे येतात, त्यामुळे ते स्वस्त पडतं, पण ट्रेमध्ये एकेक दाणा टाकायला हात बारीक लागतो. गोळीचं बी पटापट टाकता येतं आणि त्यात बऱ्याचदा प्रायमिंग केलेलं असतं, म्हणजे बी आधी थोडं भिजवून परत सुकवलेलं असतं, त्यामुळे ते गरमीत तुलनेने चांगलं उगवतं. त्याची किंमत जास्त आणि आयुष्य कमी. एका हंगामापुरतंच घ्या. उरलेलं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा. पाकिटावर उगवणीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख नसेल तर परत करा.

पायरी 5: आपल्याच वाफ्यात चाचणी

शेजारच्या तालुक्यातला अनुभव उपयोगी असतो, पण तुमची माती, तुमच्या विहिरीचं पाणी आणि तुमचा वारा त्यात नसतो. लेट्यूस क्षारांना नाजूक आहे. मातीची ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता) 1.3 डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन उतरायला लागतं. म्हणून माती आणि पाणी तपासून घ्या, आणि मगच जातींना दोष द्या.

चाचणीसाठी चार-पाच जाती, प्रत्येकी 40 रोपं, एकाच गादीवाफ्यावर, एकाच ठिबकवर लावा. तीन आठवड्यांनी तेच पुन्हा लावा. दुसरी लावण टाळायचा मोह होतो. टाळू नका, कारण जात हवेच्या बदलात कशी वागते हे त्या दुसऱ्या लावणीतच कळतं.

वहीत या नोंदी ठेवा:

- पेरणी, लागण, पहिलं रोप काढण्याजोगं झालं तो दिवस आणि शेवटचं चांगलं रोप मिळालं तो दिवस. या शेवटच्या दोहोंतलं अंतर म्हणजे जात वाफ्यात किती थांबते. छोट्या शेतकऱ्याला हे वजनापेक्षाही मोलाचं.
- खराब पानं काढून, विकण्याजोग्या 20 गड्ड्यांचं वजन.
- त्यातले पाच उभे कापून बुडख्याची लांबी आणि आतली करपलेली टोकं.
- सकाळी आणि दुपारी कापलेल्या पानांची चव, शक्यतो घरातल्या दोघा-तिघांना देऊन.
- छिद्रं पाडलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवल्यावर तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी पान कसं दिसतं. फ्रिजमध्ये शेजारी केळी, टोमॅटो किंवा सफरचंद नको. त्यांच्या इथिलीनने पानांवर तांबूस ठिपके येतात.

यातून बहुतेक वेळा दोन जाती उठून दिसतात आणि एक सपशेल नापास होते. मधल्या जातींवर वेळ घालवू नका.

पायरी 6: ऑर्डरवरून रोपांचा हिशेब

उदाहरण घेऊ. आठवड्याला 40 किलो हिरव्या पानांच्या लेट्यूसची ऑर्डर आहे आणि तुमच्या चाचणीत सरासरी गड्डा 200 ग्रॅमचा भरला. म्हणजे 200 गड्डे. मर, अळी, लहान राहिलेली रोपं यांची तूट धरून दर आठवड्याला 250 रोपं लावा. 25 बाय 25 सेंटीमीटर अंतराने एका चौरस मीटरमध्ये 16 रोपं बसतात, म्हणजे साधारण 16 चौरस मीटर वाफा. पीक सहा आठवडे वाफ्यात आणि एक आठवडा वाफा तयार करायला, असे सात वाफे फिरते हवेत: 112 चौरस मीटर. रस्ते धरून जमिनीचा 60 टक्के भागच वाफ्यांखाली येतो असं मानलं, तर लागणारी जागा 187 चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, तेव्हा हे सगळं दोन गुंठ्यांच्या आत बसतं.

आता याच ऑर्डरमध्ये आइसबर्ग घातला तर अंतर 30 बाय 30, चौरस मीटरला 11 रोपं, आणि वाफा दहा-अकरा आठवडे अडकलेला. गड्डा वजनाला मोठा भरतो हे खरं, पण वर्षात त्याच वाफ्यावर किती पिकं निघतात हे मांडून बघा आणि मगच भावाची तुलना करा. फक्त किलोचा भाव बघून आइसबर्ग लावणारे अनेक जण इथे चुकतात.

सगळी रोपं एकदम लावू नका, दर आठवड्याला लावा. एकाच आठवड्यात हजार गड्डे तयार झाले की खरेदीदार भाव पाडतो आणि पुढचे तीन आठवडे तुमच्याकडे द्यायला काही नसतं.

पायरी 7: जात चांगली, तरी उगवली नाही तर

लेट्यूसचं बी गरमीत झोपी जातं. ट्रेमधलं कोकोपीट 28-30 अंशांवर गेलं की साधं बी उगवतच नाही, आणि लोक बियाणेवाल्याशी भांडतात. मार्च ते ऑक्टोबर पेरणी संध्याकाळी करा, 98 किंवा 104 कप्प्यांचा ट्रे भिजवून घ्या आणि पहिले दोन दिवस घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. 18 ते 22 अंश मिळाले तर कोंब तिसऱ्या दिवशी दिसतो. दिसला की त्याच दिवशी उजेडात आणा, नाहीतर रोप लांबट होऊन कोलमडतं. अनेक जातींच्या बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून बी खोल पुरू नका. वरून जेमतेम झाकेल इतकंच वर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) टाका. गोळीचं बी एकदा भिजलं की सुकता कामा नये, नाहीतर गोळी कडक होते आणि कोंब आतच अडकतो.

पहिल्या हंगामाची खरेदी

मैदानी पट्ट्यात पहिल्यांदाच लावणाऱ्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी मागवावं: दोन बटाव्हिया, एक रोमेन, एक हिरवा पानांचा आणि एक लाल, सगळी छोटी पाकिटं. चाचणीची पहिली पेरणी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या लावणीचे निकाल नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत हातात येतात. दुसरीचे डिसेंबरात येतात, तेव्हा त्या दोन नोंदी शेजारी ठेवून उरलेल्या हंगामाचं मोठं पाकीट मागवा. जानेवारीनंतर पेरायच्या बियांसाठी मात्र या थंडीतल्या निकालावर विसंबू नका. उन्हाळ्याच्या जातींची वेगळी छोटी चाचणी जानेवारीच्या अखेरीस ट्रेमध्ये टाका.